थंडी कधी लावायची आणि कधी नाही: रोपं, बियाणं, फ्रिजमधली भाजी ते रविवारचं मटण

निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला की टीव्हीवर द्राक्षबागेतल्या शेकोट्या दिसायला लागतात आणि इकडे लोकांचे प्रश्न सुरू होतात. टोमॅटोची रोपं पानाखालून जांभळी पडलीत, वाढच नाही, काय मारू? भुईमूग टाकला, अर्धा उगवला अर्धा जमिनीतच कुजला, बियाणं बोगस होतं का? शहरातल्यांचं वेगळंच, केळी फ्रिजमध्ये ठेवली ती काळी पडली, आणि गावाकडून आणलेलं एकदम ताजं बोकडाचं मटण तसंच फ्रीजरला टाकलं ते नंतर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही चिवट लागलं.

प्रश्न वेगवेगळे वाटतात पण मुळात भानगड एकच आहे. नुकसान किती होणार हे नुसतं किती थंड आहे यावर ठरत नाही, ती थंडी कुठल्या टप्प्यावर लागली यावर जास्त ठरतं. आत एखादं काम चालू असताना, म्हणजे बी पाणी पीत असताना, फळ पिकत असताना, फुलात पराग बनत असताना, मटणात आम्ल तयार होत असताना थंडी घुसली की ते काम अर्धवट राहतं आणि मग नंतर ऊब देऊनही नीट होत नाही. तेच काम उरकल्यावर थंडी लावा, तीच थंडी माल टिकवते. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबानं वाचा.

आधी पाच मिनिटं: ५ अंशाला बर्फ होत नाही, मग झाड का मरतं?

पाणी शून्याला गोठतं. आपल्याकडे शून्य क्वचित, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठाला किंवा निफाडकडच्या रानात पहाटे दव गोठलं तर त्याची बातमी होते. पण केळी, पपई, टोमॅटो, वांगी, काकडी, तुळस ही उष्ण भागातली मंडळी १०-१२ अंशांच्या खालीच त्रासायला लागतात, बर्फाची गरजच नाही. कारण पेशीभोवती जो पातळ पडदा असतो तो स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो, आणि थंडीत तूप थिजतं तसा तो थिजतो. थिजलेल्या पडद्यातून पेशीतले क्षार, साखर बाहेर झिरपायला लागतात, आतल्या क्रिया एकमेकींशी जुळत नाहीत, नको ते पदार्थ साठतात. गहू, हरभरा, कोबी, पालक यांच्या पडद्यातली चरबी कमी तापमानालाही पातळ राहते म्हणून ते थंडीत मजेत असतात.

आता यातली फसवी गोष्ट. थंडीत असेपर्यंत नुकसान दिसत नाही. काकडी फ्रिजमधून काढली तेव्हा हिरवीगार होती, ओट्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यावर खड्डे पडले आणि ती पाणचट झाली, म्हणून लोक म्हणतात बाहेर ठेवल्यानं खराब झाली. नाही हो, ती आतच खराब झाली होती, बाहेर आल्यावर कळलं एवढंच. शेतातही तसंच, कडाक्याची रात्र जाते, सकाळी सगळं ठीक दिसतं, दोन-तीन दिवसांनी ऊन पडलं की पानं करपतात आणि मग शेतकरी करप्याचं औषध शोधत फिरतो.

स्टेप १: अंदाज बंद, मोजायला लागा

मोबाईलवर दिसणारं तापमान तुमच्या रानाचं नसतं. हवामान केंद्रातलं थर्मामीटर झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पीक स्वतःची ऊब सरळ आभाळात सोडतं आणि पानाचं तापमान त्या आकड्यापेक्षा २-३ अंश आणखी खाली जाऊ शकतं. शिवाय थंड हवा जड असते, ती उतारानं खाली वाहत येऊन ओढ्याकाठच्या, खोलगट रानात साठते. म्हणून एकाच गावात माळावरची बाग वाचते आणि ओढ्यालगतची झोपते. एक किमान-कमाल नोंदवणारं साधं थर्मामीटर घ्या आणि शेतातल्या सगळ्यात खोल कोपऱ्यात पिकाच्या उंचीवर टांगा. वर्षानुवर्षं कुठला कोपरा आधी मार खातो हे एका हंगामात कळतं.

घरच्या फ्रिजचंही तेच. एका ग्लासात पाणी भरून त्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा, मधल्या कप्प्यात, मग दुसऱ्या रात्री भाजीच्या ड्रॉवरमध्ये. मधल्या कप्प्याला १ ते ४ अंश पाहिजे. दार सगळ्यात गरम, मागची भिंत सगळ्यात गार, तिथं चिकटलेली मेथी गोठते ती यामुळेच.

स्टेप २: शेतातली थंडीची रात्र

धोक्याची रात्र आधीच ओळखता येते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, दुपारी हवा कोरडी, जमीन कोरडी. चारही जुळलं की पहाटे ४ ते सूर्योदय ही सगळ्यात वाईट वेळ. ढग असतील किंवा वारा वाहता असेल तर पारा तेवढा पडत नाही, निवांत झोपा.

पहिला उपाय पाणी. ओली जमीन दिवसभराची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. त्यातून विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, म्हणजे ते हवेपेक्षा चांगलंच गरम असतं, त्यामुळे पहाटे ड्रिप चालवली तर बागेला थेट ऊब मिळते. शेतीची लाईट रात्रीची असली की आपण महावितरणच्या नावानं बोटं मोडतो, पण या एका कामाला रात्रीचा नंबर आला तर बरंच. शेततळ्याचं पाणी मात्र रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं, त्याचा तेवढा उपयोग नाही. आणि पाणी म्हणजे हलकं पाणी, चिखल करून मुळं गुदमरवायची नाहीत.

दुसरा उपाय शेकोटी. इथं माझं मत जरा वेगळंय. लोक ओला पालापाचोळा पेटवून नुसता धूर करतात आणि धुरानं गोधडी पांघरल्यासारखं समाधान मिळवतात, पण धूर उष्णता फारशी अडवत नाही, काम करते ती आच. तेही एक मोठा जाळ करून उपयोग नाही, त्याची गरम हवा सरळ वर निघून जाते. बांधाबांधानं, ओळींच्या मध्ये पुष्कळ छोट्या छोट्या शेकोट्या, पहाटे ३-४ पासून सूर्य वर येईपर्यंत. एवढं सरपण आणि माणसं नसतील तर पाण्यावर भर द्या, दोन्ही अर्धवट करू नका.

तिसरं, आडोसा आणि झाकण. केळीच्या बागेभोवती उत्तरेकडून येणारं गार वारं अडवायला शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावतात ती उगाच नाही. भाजीपाल्याच्या रोपांवर क्रॉप कव्हर, परसबागेत जुनी सुती साडी किंवा चादर, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत टाका म्हणजे जमिनीची ऊब आत कोंडते, रात्री दहाला आठवण झाली तर तोपर्यंत ती गेलेली असते. सकाळी काढायची.

आच्छादनाबद्दल एक सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. पाचट, भुस्सा असं कोरडं आच्छादन मुळांना ऊब देतं हे खरं, पण जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्याच्यावरची हवा उघड्या ओल्या जमिनीपेक्षा जास्त गार पडते. केळीसारख्या मोठ्या झाडाला आच्छादन फायद्याचं. पण जमिनीलगतच्या कोवळ्या रोपांना कडाक्याच्या चार रात्री आच्छादन ओळीतून बाजूला सरकवलेलं बरं.

आता पिकानुसार थोडं.

केळी. जळगाव, रावेर, यावल पट्ट्यात केळीवर चरका पडला म्हणतात तो हाच प्रकार. पानांवर पिवळे-करपट पट्टे, नवीन पान यायचा वेग मंदावतो, निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडताना, थंडी गाठली तर घड नीट बाहेरच पडत नाही, गळ्यात अडकतो. घडावर बारीक भोकं असलेली पॉलिथिनची पिशवी घाला, पाणी रात्री-पहाटे द्या, आणि पिकाचं वय असं जुळवा की निसवण ऐन थंडीत येणार नाही, कारण बाकी सगळे उपाय त्यानंतरचे. फळपीक विमा भरला असेल तर त्यात केळीला कमी तापमानाचा धोका धरलेला असतो, त्या वर्षीच्या अटी भरतानाच वाचून ठेवा, नुकसान झाल्यावर वाचून काही होत नाही.

द्राक्ष. वेल थंडीला तसा काटक, पण मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागल्यापासून, पुढे प्रश्न. रात्र गार, दिवस तापलेला, त्यात सकाळचं दव, मग साल तडकते आणि तडकलेल्या मण्यातून घड सडतो. पांढऱ्या जातींमध्ये मणी गुलाबी पडतात ती पिंक बेरीही दिवस-रात्रीच्या तापमानातल्या मोठ्या फरकाचीच देणगी, आणि ती निर्यातीत चालत नाही. पाणी उतरायच्या आधी घडांना पेपर लावतात तो यासाठी, उतरल्यावर लावलेला पेपर म्हणजे नुसती मजुरी. आणि पाणी एकदम कमी-जास्त करू नका, कोरड्यावरून अचानक भरपूर पाणी दिलं की तडकणं वाढतंच. गंमत बघा, वेलीवर थंडीनं तडकणारं हेच द्राक्ष तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, जाऊन शून्याच्या आसपास महिनाभराहून जास्त टिकतं. वाढ संपली ना, आता त्याला थंडी हवीच आहे.

कांदा. कांदा थंडीनं मरत नाही, त्याला डेंगळे येतात. रोप लहान असताना थंडी लागली तर काही नाही, पण रोप जाड-जून झालं असेल आणि मग गार आठवडे गेले तर त्याला वाटतं हिवाळा काढला, आता फुलायचं, आणि जमिनीतला कांदा पोसायचं सोडून ते फुलाचा दांडा काढतं. म्हणून रोपवाटिका फार लवकर टाकायची नाही, ८ आठवड्यांच्या पुढचं थोराड रोप लावायचं नाही, आणि खरिपाची जात रब्बीत लावायची नाही. बियाण्यासाठी कांदा लावणाऱ्यांना मात्र हीच थंडी पाहिजे असते.

हरभरा थंडीचं पीक म्हणतात पण फुलात असताना फारच गारठा राहिला तर फुलं येतात आणि घाटे न धरता गळतात, थंडी सरली की पुन्हा धरायला लागतो, तोपर्यंत औषधं मारत बसू नका. हापूसला मोहर यायला गार रात्री लागतात, पण थंडी लांबली की वाटाण्याएवढी फळं असलेल्या फांदीवर पुन्हा नवा मोहर येतो आणि आधीची फळं गळतात, कोकणात ही दरवर्षीची डोकेदुखी. टोमॅटोची जांभळी पानं म्हणजे बहुतेक वेळा गार जमिनीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही एवढंच, ऊन वाढलं की आपोआप सुधारतात, डीएपी खताचं पोतं रिकामं करायची गरज नाही.

थंडीचा मार बसल्यावर पहिले आठ दिवस छाटणी करू नका, जड खत देऊ नका. कुठली फांदी खरंच मेली ते कळायला वेळ लागतो आणि करपलेली पानंसुद्धा खालच्या डोळ्यांना पुढच्या रात्री आडोसा देतात.

स्टेप ३: बियाणं, पेरताना

कोरडं बी थंडीला घाबरत नाही. पण कोरड्या बियात पाणी शिरतं ते पहिले काही तास, तेव्हा सुकून विस्कटलेले पेशीचे पडदे पुन्हा जुळत असतात. त्या तासांत आत जाणारं पाणी गार असेल तर पडदे धड जुळत नाहीत, आतली साखर जमिनीत झिरपते, त्या साखरेवर बुरशी येते आणि बी कुजतं. खणून बघितलं तर बी फुगलेलं, चिकट, आणि आपण म्हणतो बियाणं खराब. सोयाबीन, कपाशी, मका, घेवडा, भुईमूग, सगळ्यांना हे लागू आहे. उगवून आलं तरी मुळाचं टोक मेलेलं असतं आणि रोप पुढे झुरत राहतं.

उपाय सोपे आहेत.

१) जमिनीचं तापमान बघा, हवेचं नाही. सकाळी ८ वाजता थर्मामीटर २ इंच खोल खुपसा. उन्हाळी भुईमूग, भेंडी, कलिंगड, काकडी यांना १८ अंशांच्या वर पाहिजे, तेही सलग तीन-चार दिवस. उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी सांगतात, पण हा काळ म्हणजे कॅलेंडर नाही, त्यात थंडी ओसरली की पेरा, गारठा लांबला तर थांबा. आठ दिवस उशिरा पेरलेला भुईमूग घाई केलेल्याला उगवणीत बऱ्याचदा गाठतो.

२) कोरड्यात पेरून रात्री पाटपाणी सोडायची सवय थंडीत सोडा. आधी ओलवा, वाफसा येऊ द्या म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर राहू द्या, आणि दुपारी जमीन तापलेली असताना पेरा, म्हणजे पाणी हळू आणि उबदार आत जातं.

३) कलिंगड, कारली, दोडका यांचं बी कोमट पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून उबदार जागी ठेवा, मोड दिसला की लावा. नर्सरीवाले प्रो-ट्रे (रोपांचे खणाखणांचे ट्रे) भरून एकावर एक रचतात आणि वर प्लास्टिक टाकून तीन-चार दिवस कोंडतात ते हेच. पण रोज उघडून बघा, एक दिवस उशीर झाला तर रोपं आतल्या आत पांढरी लांबट होतात.

४) बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया थंडीत चुकवू नका. थंडीनं झालेली इजा ती भरून काढत नाही, पण झिरपलेल्या साखरेवर तुटून पडणाऱ्या बुरशीला अडवते.

स्टेप ४: बियाणं, ठेवताना

इथं उलट, जेवढं गार तेवढं चांगलं, फक्त आधी कोरडं. जुना ठोकताळा असा की बियातला ओलावा १ टक्क्यानं कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी खाली आणलं की पुन्हा दुप्पट. दुसरा ठोकताळा, फॅरनहाइटमधलं तापमान अधिक हवेतली आर्द्रता मिळून १०० च्या आत पाहिजे. मुंबईत पावसाळ्यात २८ अंश सेल्सिअस म्हणजे ८२ फॅरनहाइट, आर्द्रता ८५, बेरीज १६७. कपाटातलं बी दिवाळीपर्यंत का उगवत नाही याचं उत्तर या बेरजेत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या तिजोरीत बियाणं उणे १८ अंशांना ठेवतात, पण नीट सुकवून आणि हवाबंद करून. ओलसर बी फ्रीजरला टाकलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन गर्भच मरतो.

घरच्यासाठी असं करा: बी सावलीत, वाऱ्यावर सुकवा, भोपळ्याचं बी वाकवल्यावर कट्ट मोडलं पाहिजे, दुमडलं तर अजून ओलं आहे. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, तळाशी सुती पुरचुंडीत सिलिका जेल किंवा चांगली भाजलेली तांदळाची मूठ. बरणी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढल्यावर लगेच उघडायची नाही, काही तास बाहेर ठेवून घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाहेरची दमट हवा गार बियांवर दव होऊन बसते आणि मग कोरडं करायचे सगळे कष्ट वाया.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी राख, मातीची मडकी, शेणानं लिंपलेल्या कणग्या यांच्यावर पिढ्या काढल्या, अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण असेच जपले, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. तिथं थंडीची कमी कोरडेपणानं भरून काढलेली असते.

हे सगळं आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी यांना चालत नाही. ती सुकवली की मरतात, गारठवली की मरतात. खाल्ल्यावर आठवडाभरात लावा, विषय संपला. आणि सफरचंद, पीच असल्या थंड मुलखातल्या बियांना उलट ओलं करून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, त्याशिवाय ती जागीच होत नाहीत. हिमाचलचं सफरचंद खाऊन पुण्यात बी पेरणाऱ्यांसाठी ही माहिती. झाड येईल, फळाची हमी मी देत नाही.

स्टेप ५: घरचा फ्रिज आणि कोल्ड स्टोरेज

ढोबळ यादी सांगतो. १३ अंशांच्या खाली नकोच: कच्ची केळी, रताळी, आलं. १० ते १२ च्या खाली नको: कच्चा आंबा, पपई, काकडी, वांगी, हिरवट टोमॅटो. ७-८ पर्यंत चालेल: भेंडी, ढोबळी मिरची, फरसबी. अगदी शून्याजवळ ठेवा: पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, गाजर, मटार, द्राक्षं, सफरचंद. घरात १२ अंशांचा कप्पा कुणाकडे नसतो, म्हणून पहिल्या गटातलं बाहेर टोपलीत, दुसऱ्या गटातलं दोन-तीन दिवसांत संपवणार असाल तरच फ्रिजच्या ड्रॉवरमध्ये.

केळ्याचं बघा. हिरवं केळं फ्रिजला गेलं की पिकायची यंत्रणाच बिघडते, बाहेर काढल्यावर ते राखट-पिवळं होतं, साल सोलली तर आतल्या बाजूला तपकिरी रेषा दिसतात, आणि गर कडक, बेचव. पण पूर्ण पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते, आतला गर तीन-चार दिवस छान राहतो, बिनधास्त शिकरण करा. हापूसही तसाच, अढीत पूर्ण पिकू द्या, वास सुटला की मग फ्रिज. टोमॅटोचा रंग थंडीत टिकतो पण चव जाते, फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की वासाची द्रव्यं बनवणारी जनुकंच गारठ्यात मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण सावरत नाहीत. रताळं गारठलं तर त्याच्या मध्यभागी टणक गाठ राहते, कितीही उकडा ती शिजत नाही, महाशिवरात्रीला असं रताळं निघालं तर शेतकऱ्याला शिव्या देऊ नका, वाटेत कुणीतरी ते गार ठेवलेलं असतं.

बटाटा हा वेगळाच नग. ७-८ अंशांच्या खाली त्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून फ्रिजमधल्या बटाट्याची भाजी गोडसर लागते आणि काप तळले की बाहेरून काळपट, आतून कच्चे. कोल्ड स्टोरेजवाले खायचा आणि बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांना ठेवतात, वेफर्सचा १० च्या आसपास. गोड झालेला बटाटा दोन आठवडे बाहेर अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवला तर बरीचशी साखर उतरते. मंचर, सातगाव पठार भागात पंजाबवरून बियाण्याचा बटाटा येतो, तो कोल्ड स्टोरेजमधून काढून तसाच सरीत टाकायचा नाही, पंधराएक दिवस सावलीत पसरून कोंब फुगू द्यायचे. गार बटाटा गरम ओल्या मातीत गेला की त्याच्यावर पाणी सुटतं आणि तो सडतो.

परदेशातल्या मंडळींसाठी. तुळस आणि कढीपत्ता ऑक्टोबरात रात्री १० अंशांच्या खाली जायच्या आत घरात घ्या, खिडकीच्या काचेला पान चिकटू देऊ नका, काचेलगत घरातही भलताच गारठा असतो. कढीपत्त्याची पानं गळली म्हणून कुंडी टाकून देऊ नका, पाणी अगदी कमी करा आणि वसंताची वाट बघा, बहुतेक वेळा फुटतो.

स्टेप ६: मटण आणि चिकन

आता ज्यासाठी अर्धे लोक इथपर्यंत आले ते. आपला समज असा की जेवढं ताजं तेवढं चांगलं, आणि जेवढं लवकर फ्रीजर तेवढं सुरक्षित. दोन्ही एकत्र केलं की मटण चिवट.

बोकड कापल्यावर स्नायू लगेच शांत होत नाही. रक्त बंद, प्राणवायू बंद, मग स्नायू स्वतःत साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतो आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. सामू (pH) ७ च्या आसपास असतो तो हळूहळू ५.५ ते ५.८ वर येतो, याला बरेच तास लागतात, अर्ध्या दिवसाच्या पुढेही. हे चालू असताना, म्हणजे स्नायूत ताकद शिल्लक असतानाच, मांस १० अंशांच्या खाली गेलं की धाग्यांमध्ये कॅल्शियम सुटतं आणि धागे जोरात आखडतात. कधी कधी मूळ लांबीच्या जवळजवळ निम्मे. एकदा असे आखडून बसले की मग मंद आच, कुकर, काही पूर्ण उलटवत नाही.

हे शोधलं न्यूझीलंडवाल्यांनी, कारण त्यांच्या पोटावर आलं होतं. १८८२ मध्ये ‘डनीडन’ नावाच्या जहाजातून त्यांचं गोठवलेलं मटण पहिल्यांदा लंडनला गेलं आणि तो देशाचा मोठा धंदा झाला. पुढे गोठवण्याची यंत्रं वेगवान झाली तसं कोकराचं मांस चिवट निघायला लागलं. १९६३ मध्ये तिथल्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी दाखवून दिलं की १५-२० अंशांना स्नायू सगळ्यात कमी आखडतो आणि शून्याजवळ भलताच. मग त्यांनी आधी थोडं थांबून गोठवायचे नियम केले, नंतर धडाला विजेचे झटके देऊन आम्ल लवकर तयार करायची पद्धत आली. बोकड, मेंढी यांचं धड लहान, वर चरबी पातळ, त्यामुळे ते म्हशीपेक्षा फार लवकर गार होतं, म्हणजे धोका त्यांनाच जास्त.

तर घरी काय करायचं?

दुकानात पहिला प्रश्न भावाचा नको. “भाऊ, कधी कापलंय?” हा विचारा. पहाटे पाचला कापून टांगलेलं असेल आणि तुम्ही अकराला घेताय तर टांगल्यामुळे धागे ताणलेले राहतात, ते चांगलंच. समोरच कापून दिलं असेल तर दोनच रस्ते. एक, घरी आणून तासाभरात शिजायला टाका. दोन, उद्या करायचंय तर किलोकिलोच्या पुड्या करून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. पुडीतलं मांस सावकाश गार होतं आणि उद्यापर्यंत आतलं काम बरंच उरकतं. फ्रीजरला टाकायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी. ताजं गरम मटण थेट गोठवलं तर आखडणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण वितळताना ते जोरानं आखडतं आणि भांडंभर लाल पाणी सुटतं, ही सगळ्यात वाईट अवस्था.

पण म्हणून मटण ओट्यावर ठेवून वाट बघायची नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नको. चिवट मटण दातांना त्रास देतं, नासलेलं दवाखान्यात नेतं.

मासळीला यातलं काहीही लावू नका. पकडल्याबरोबर बर्फ, घरी येईपर्यंत बर्फ. मासळीत जिवाणू आणि स्वतःचे पाचक रस इतके वेगानं काम करतात की थांबायला वेळच नाही.

चिकनचं काम लवकर उरकतं, चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवून मग फ्रीजरला टाकलं तरी पुरतं. बोनलेस हवं असेल तर लगेच हाडापासून सोडवून घेऊ नका, छातीचा तुकडा हाडावर असेपर्यंत आखडायला अडतो.

फ्रीजरला टाकताना अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. उणे १ ते उणे ५ अंश या पट्ट्यातून मांस जेवढ्या लवकर जाईल तेवढे बर्फाचे कण बारीक, पेशी कमी फाटतात, वितळताना पाणी कमी सुटतं. तीन किलोचा गोळा घरच्या फ्रीजरमध्ये कितीतरी तास त्याच पट्ट्यात रेंगाळतो. म्हणजे आदल्या दिवशी सावकाश गार करायचं आणि दुसऱ्या दिवशी झटपट गोठवायचं, उलटं केलं की दोन्हीकडून नुकसान. पिशवीत हवा राहिली तर कडेला पांढरट कोरडे डाग येतात, ते खायला धोक्याचे नाहीत, चव मात्र पुठ्ठा.

वितळवायचं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात, रात्रभर. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात, पाणी बदलत. गरम पाण्यात टाकू नका, बाहेरचा थर शिजायला लागतो आणि आत बर्फ तसाच. एकदा चिवट निघालंच तर कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा तास ठेवा, बऱ्यापैकी सावरतं, जास्त वेळ ठेवलं तर लगदा होतो.

प्राण्यालाही जिवंतपणी थंडी लागते हे पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. रात्रभर उघड्या टेम्पोत गारठत, उपाशी, उभं राहून बाजाराला आलेल्या बोकडाचं ग्लायकोजन वाटेतच संपलेलं असतं, मग आम्ल कमी बनतं, मांस गडद, चिकट दिसतं आणि लवकर नासतं. टेम्पोला समोरून ताडपत्री, खाली भुस्सा, आणि पोहोचल्यावर पाणी-विश्रांती देऊन मग कापणं, एवढ्यानं मांसात फरक दिसतो. ब्रॉयलरच्या क्रेटवर पहाटेचं दव आणि वारं बसलं तरी हेच.

आणि फ्रोजन चिकन शिजवल्यावर हाडालगत काळपट-जांभळं दिसलं तर टाकून देऊ नका. ब्रॉयलर कोवळा असतो, त्याची हाडं सच्छिद्र, गोठताना आतल्या मगजातला रंग झिरपून मांसात येतो. वास ठीक असेल आणि मांस आतपर्यंत शिजलं असेल तर खुशाल वाढा.